आवाज येतोय का?

ऑनलाइन तास घ्यायला लागल्यापासून दिवसातून वीसदा तरी मी विचारतो, ‘आवाज येतोय का?’ समोर ४२ काळे चौकोन, प्रत्येकात एकेक आद्याक्षर. हजेरीपटालाच संख्याशास्त्र शिकवतोय असं वाटतं.

वर्गात विनोद फसला तर फसला हे तरी कळतं. इथे कुणी हसलंच तर माईक बंद ठेवून हसतं. मग चॅटमध्ये एक हसरा चेहरा उगवतो, तोवर मी प्रमाण विचलनावर पोचलेलो असतो आणि तो त्यालाच हसतोय असं वाटतं.

डोळ्यांत बघून बोला म्हणतात. कुणाच्या? चौकोन पडद्यावर, कॅमेरा त्यांच्या डोक्यावर. चौकोनांकडे बघावं तर मुलांना माझ्या पापण्या दिसतात. कॅमेऱ्याकडे बघावं तर मला चौकोनही दिसत नाहीत. शेवटी दोन डोळे काढलेला कागद कॅमेऱ्याशेजारी चिकटवला. सगळ्यात लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी सध्या तोच.

‘समजलं?’ विचारून मी लगेच ‘छान, पुढे जाऊ’ म्हणायचो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं. प्रश्न टाकल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत. ३ सेकंद थांबले की मुलं जास्त आणि विचार करून बोलत. आणि तो खराखुरा वर्ग! इथे माईकचं बटण सापडेपर्यंतच ३ सेकंद जातात. म्हणून मी पाण्याचा ग्लास ठेवला: प्रश्न विचारायचा आणि सावकाश पाणी प्यायचं. गंमत म्हणजे उत्तरं येऊ लागली.

परवा मात्र घोट ऐकू जाऊ नये म्हणून माईक बंद केला, आणि सरासरी व मध्यक (आकडे क्रमाने लावले की मधोमध येणारा) यांतला फरक ११ मिनिटं तसाच, हातवाऱ्यांसकट समजावला. मग चॅट उघडली. आधी ‘सर, म्यूट!’ची रांग. नंतर सगळ्यांनी माझा नाद सोडलेला. एकीने लिहिलं होतं, ‘आपण दहा जण बसलोय आणि खोलीत एक अब्जाधीश शिरला, की सरासरीने सगळे श्रीमंत. मध्यक फारसा हलत नाही.’ खाली शंका, भांडणं, एकाने तर आकडे टाकून पडताळाही घेतलेला. दोन आठवडे मी ज्याच्यासाठी घसा फोडत होतो, ते माझ्याविना चाललं होतं.

घाईघाईने माईक उघडला. ‘आवाज येतोय का?’

‘हो सर. पण दोन मिनिटं थांबता का? आमचं चाललंय.’

मी निमूट म्यूट झालो आणि ग्लास उचलला.