17 डिसेंबर आला की

दरवर्षी 17 डिसेंबर, म्हणजे राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाचा दिवस, उजाडला (तुमच्याकडे उजाडतो, माझ्याकडे अजून सोळाची रात्र असते) की फॅमिली ग्रुपवर दादाचा तोच मेसेज येऊन पडतो. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, पुण्यात असतो. मेसेज तुम्हालाही आलाच असेल: शिवकर बापूजी तळपदे या मराठी माणसाने 1895 साली मुंबईत चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं विमान पंधराशे फूट उडवलं, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड समोर हजर होते, केसरीत बातमी आली होती, आणि राइट बंधूंनी आठ वर्षांनी तेच ढापलं. खाली तिरंगा, हात जोडलेले आणि 'गोऱ्यांनी दडपलेला इतिहास'.

आता मी राहतो अमेरिकेत, ओहायोतल्या डेटनला, म्हणजे राइट बंधूंच्याच गावात. माझ्या गाडीच्या नंबरप्लेटवरच 'बर्थप्लेस ऑफ एव्हिएशन' छापलंय, मुलीच्या शाळेची सहल दरवर्षी कॅरिलॉन पार्कला जाते, ते दोघे भाऊ इथल्या वुडलंड दफनभूमीत पुरलेत आणि मी तिथनं रोज ऑफिसला जातो. त्यामुळे हा मेसेज मला जरा जास्तच टोचतो. यावर्षी मी एवढंच लिहिलं, "दादा, केसरीची तारीख सांग." झालं! दोनशे मेसेज. "तुला पुरावा गोऱ्यांचाच लागतो." "ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी." मावशीने मध्येच सत्यनारायणाचा फोटो टाकून विषय बदलायचा प्रयत्न केला पण कोण ऐकतोय.

अरे पण मी गोऱ्याचा पुरावा मागितलाच कुठे? केसरी टिळकांचा! मी टिळकांचा पुरावा मागतोय.

तर चिडून मी दोन रात्री बसलो. फॉरवर्डमध्ये एका लेखाचं नाव, तो लेख दुसऱ्या लेखावर टेकलेला, दुसरा एका पुस्तकावर, आणि शेवटी 'असे जुने लोक सांगतात'. दहा ठिकाणी छापलंय म्हणून दहा पुरावे वाटतात, पण धागा ओढला की सगळे एकाच खुंटीला लटकलेले निघतात. त्यात म्हणे तळपदेंनी 'वैमानिक शास्त्र' वाचून विमान केलं. हे पुस्तक पंडित सुब्बराय शास्त्रींनी 1918 ते 1923 या काळात तोंडी सांगितलं, भरद्वाज ऋषींकडून आपल्याला स्फुरलं असं म्हणत. म्हणजे चौपाटीच्या उड्डाणानंतर तेवीस वर्षांनी सांगायला सुरुवात, आणि तळपदे त्याच्याआधीच वारलेले. हे पडताळायला अमेरिकेला यावं लागत नाही, वजाबाकी यावी लागते.

आणि तपासणारेही आपलेच. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच प्राध्यापकांनी 1974 मध्ये ते पुस्तक अक्षरशः इंजिनिअरसारखं तपासलं, भाषा, आकृत्या, वजन, उडायची शक्यता सगळं. संस्कृत वैदिक नाही, अर्वाचीन आहे, ग्रंथ 1904 च्या आधीचा असू शकत नाही, आणि यातलं एकही विमान उडणार नाही. आकृत्यासुद्धा बंगळुरूच्याच एका ड्राफ्ट्समनकडून काढून घेतलेल्या. मला त्यात सगळ्यात भारी वाटली ती वेगळीच ओळ: तळपदेंनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली मॉडेलं करून बघितली पण एकही उडवता आलं नाही, आणि ही माहिती आलीय शास्त्रींच्या गोटातल्याच माणसाकडून. विमान उडालं असं सांगण्यात ज्याचा फायदा तोच माणूस सांगतोय की उडालं नाही. कोर्टात याला वजन असतं, ग्रुपवर नाही.

यावर दादाचं उत्तर: "सरकारी संस्था, इंग्रजी मानसिकता." बरं. पण हाच दादा गेल्याच महिन्यात 'तळपदेंचं विमान पाऱ्याच्या इंजिनावर उडालं, नासानेही मान्य केलं' असा मेसेज टाकतो तेव्हा नासा गोरी नसते का? आता गंमत अशी की पाऱ्याचं आयन इंजिन (विद्युतभारित कण मागे फेकून पुढे सरकणारं) नासाने खरंच 1964 मध्ये अवकाशात चालवलंय, आमच्या ओहायोतल्याच क्लीव्हलंडच्या लॅबने केलेलं. पण त्याचा जोर कागदाच्या एका तावाच्या वजनाइतका, आणि चालतं फक्त निर्वात पोकळीत. चौपाटीवर त्याने पतंगही हलला नसता. खोट्या मेसेजमध्ये असा खऱ्याचा एक खडा असतो म्हणून तर तो गिळला जातो.

मी हे सगळं टाइप केलं आणि वर ऐटीत लिहिलं की इकडे आमच्या मुलीला सहावीत शिकवतात, वाचण्याआधी बघ कोण लिहितंय, कधी लिहिलंय, त्याला कसं माहीत. दादाने अंगठा दिला. तो अंगठा अजून डोक्यात जातो.

कारण खरं सांगायचं तर इकडची गोष्ट मी अर्धीच सांगितली होती. इकडच्या नामांकित सोर्सनी काय दिवे लावलेत ते डेटनमध्ये राहून मला माहीत नाही असं कसं होईल? 17 डिसेंबर 1903 ला पहिलं उड्डाण 12 सेकंद आणि 120 फूट, चौथं 59 सेकंद आणि 852 फूट, पाच साक्षीदार, पहिल्या उड्डाणाचा फोटो. दुसऱ्या दिवशी व्हर्जिनियाच्या पेपरात आलं तीन मैल! सायंटिफिक अमेरिकनने, म्हणजे केवढं नाव, जानेवारी 1906 मध्येही शंकाच घेतली, म्हणे एवढं मोठं काही घडलं असतं तर आमच्या बातमीदारांना कळलं नसतं का. आणि पूर्ण गोल चक्कर मारताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहून नीट वर्णन पहिल्यांदा छापलं कुणी? मधमाश्या पाळणाऱ्यांच्या मासिकाने. ओहायोतल्याच मेदिना गावचा एमस रूट सप्टेंबर 1904 मध्ये गाडी हाकत इथे हफमन प्रेअरीला, म्हणजे राइट बंधूंच्या सरावाच्या माळावर आला, उभा राहून बघितलं, 1 जानेवारी 1905 च्या अंकात लिहिलं. दादाला जर मी म्हणलो असतो की माझा सोर्स मधमाश्यांचं मासिक आहे तर त्याने मला ग्रुपमधनं काढलं असतं. पण तो माणूस तिथे होता. मोठ्या नावाचा माणूस न्यूयॉर्कमध्ये खुर्चीत होता.

स्मिथसोनियन, म्हणजे वॉशिंग्टनची ती मोठी संग्रहालय संस्था, तर विचारूच नका. त्यांच्या प्रमुखाचं, लँगलीचं यंत्र 1903 मध्ये दोनदा पाण्यात पडलं, तरी पुढे दुरुस्त्या करून उडवून पाट्या लावल्या की उडू शकणारं पहिलं यंत्र हेच. ऑरव्हिल एवढा वैतागला की 1928 मध्ये खरं विमान लंडनला पाठवून दिलं, स्मिथसोनियनने चूक कबूल करायला 1942 उजाडलं. म्हणजे गोऱ्यांनी दडपलं हे खरंच आहे, गोऱ्यांचंच दडपलं. आणि कनेक्टिकटने तर 2013 मध्ये कायदा करून सांगितलं की पहिला मान आमच्या व्हाइटहेडचा, तो म्हणे 1901 मध्येच उडाला. दादाला हे मी सांगितलेलं नाही, लगेच म्हणेल बघ, तुझे लोकही तसेच.

(राइट बंधूंनी स्वतः काय केलं? हवेच्या दाबाचा 0.005 हा आकडा शतकाहून जास्त काळ सगळे वापरत होते, यांचं ग्लायडर त्या हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश उचलत होतं. मग ग्लायडरच्या स्वतःच्या मोजमापांवरून हिशेब केला, आकडा 0.0033 च्या आसपास निघाला, आणि पंखांचे आकार दुकानातच लाकडी पेटीचा विंड टनेल (वारा सोडून तपासायचा बोगदा) करून तपासले. ढापलं म्हणे.)

आता मूळ मुद्दा, जो ग्रुपवर लिहायची हिंमत झाली नाही. 2008 मध्ये मी इथे नवीन होतो, फेब्रुवारी, हाडं गोठवणारी थंडी, ऑफिसातला एक म्हातारा सहकारी, इथल्या हवाई दलाच्या बेसवरून रिटायर झालेला, मला कौतुकाने हफमन प्रेअरी दाखवायला घेऊन गेला. नुसतं रिकामं माळरान. आणि मी, मी त्याला तळपदेंची गोष्ट सांगितली. पंधराशे फूट, रानडे, गायकवाड, केसरी, सगळं. छाती फुगवून. कारण इकडे सगळंच त्यांचं होतं, रस्ते, विमानं, थंडीसुद्धा, आणि मला एक तरी गोष्ट माझी पाहिजे होती. म्हातारा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्याने खिशातनं छोटी वही काढली, नावाचं स्पेलिंग विचारलं, आणि म्हणाला पेपर कुठला, तारीख काय, मला वाचायचंय.

रात्री बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आम्हाला मास्तरांनी सांगितलं होतं." मास्तरांना कुणी सांगितलं ते बाबांना माहीत नव्हतं. म्हाताऱ्याने नंतर दोन-तीनदा विचारलं, मी शोधतोय शोधतोय म्हणत राहिलो, मग तो फ्लोरिडाला गेला, विषय संपला. म्हणजे दादाला यावर्षी मी जो प्रश्न विचारला तो माझा नव्हताच. तो त्या वहीतला होता, आणि मला त्याचं उत्तर पंधरा-सोळा वर्षांत देता आलेलं नाही.

आणि अजून एक, हे तर बायकोलाही सांगितलेलं नाही. मी तारीख माग म्हणतो ना, तेव्हा आत कुठेतरी वाटत असतं की दादाने खरंच काढून दाखवावी.

परवा त्याने वेगळा मेसेज केला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. "तुला मैदान बघायला मिळालं, मला तारीख शोधायला लावतोस. उन्हाळ्यात येतोयस ना? मग ये माझ्याबरोबर लायब्ररीत." मी हिशेब केला. केसरी तेव्हा साप्ताहिक होता. 1895 चे म्हणजे बावन्न-त्रेपन्न अंक, तेही थोड्या पानांचे. दोघात सव्वीस-सव्वीस. मी लिहिलं, जानेवारीपासनं तू बस, मी डिसेंबरकडनं येतो.