आधी लगीन टॅबचं!

टॅब घ्यायचं ठरवलंय? उत्तम. मग तो कशाला हवाय, हा प्रश्न आधी डोक्यातून काढून टाका. गरज बघून वस्तू घेणारी माणसं वेगळी, ती अजून कापडी पिशवी घेऊन बाजारात जातात. आपलं आधी लगीन टॅबचं. गरज काय, घरी आल्यावर सापडतेच कुठेतरी.

मुहूर्त दसरा-दिवाळीच्या सेलचा. खरी किंमत बघू नका, तिच्या शेजारी रेघ मारून खोडलेली असते ती बघा. घरी सांगताना 'बारा हजार वाचले' एवढंच सांगायचं. गेलेले तेवीस हजार हप्त्यांच्या रूपाने दर महिन्याला आपसूक कळतात.

स्टोरेज खोक्यावर लिहिलंय तेवढंच धरून चाला. ६४ जीबी म्हणजे ६४. त्यातली बरीचशी जागा ऑपरेटिंग सिस्टीम आणि न मागता भरून दिलेली अ‍ॅप्स खातात, पण आपण फ्लॅटही सुपर बिल्ट-अपवर घेतलाय, कार्पेट एरिया विचारायची सवय आता कशाला लावून घ्यायची? वाइडवाइन (ओटीटीवरच्या सिनेमाची चोरी रोखणारं कुलूप) वगैरे तर मुळीच विचारू नका. काही स्वस्त टॅबना त्याचा फक्त एल-३ दर्जा असतो, म्हणजे स्क्रीन फुल एचडी आणि ओटीटीवरचा सिनेमा ४८०पी. खोका पैठणीचा, आत गाऊन. अपडेट किती वर्षं येतील, हे विचारणं तर सरळसरळ अपशकुन.

चित्रकलेची हौस असेल (नसली तरी) पेन घ्याच. कंपन्या आपल्यासाठी किती विचार करतात पाहा. २०१५ साली आलेली पहिली अ‍ॅपल पेन्सिल आयपॅडच्या तोंडात खुपसून चार्ज करायची असे, थर्मामीटर लावावा तशी. २०२२च्या दहाव्या पिढीच्या आयपॅडला यूएसबी-सीचं तोंड आलं, पण तेव्हा त्याला पेन्सिल चालायची तीच जुनी. मग दोघांची गाठ घालून द्यायला मध्ये अ‍ॅडाप्टर. मध्यस्थाशिवाय आपल्याकडे तरी कुठलं लग्न जमतं?

आणि वापरणाऱ्याला न विचारता टॅब निवडायची आपल्याकडे थेट सरकारी परंपरा आहे. ५ ऑक्टोबर २०११ला दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅब अवतरला. सात इंची स्क्रीन, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. स्क्रीन रेझिस्टिव्ह, म्हणजे नुसतं बोट लावून भागायचं नाही, दारावरची बेल दाबतो तसं दाबायचं. शिक्षणात कष्ट हवेतच.

तेव्हा वडिलांसाठी घेत असाल तर त्यांना विचारण्याचा घोळ घालू नका. मी नाही घातला. बाबांच्या पंचाहत्तरीला राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी अकरा इंची टॅब नेऊन दिला. सिमवाला महाग पडत होता म्हणून नुसता वायफायवाला घेतला. घरात वायफाय नाही हे मला ठाऊक होतं, पण दुकानातला मुलगा म्हणाला, "हॉटस्पॉट लावायचा ना सर!" आणि 'सर' म्हटलं की मी विरघळतो.

आता बाबा रोज सकाळी खळ्यात फणसाखाली उभे राहतात, कारण रेंज तिथेच. एका हातात हॉटस्पॉटसाठी मोबाइल, दुसऱ्या हातात अर्धा किलोचा टॅब. मोबाइल खाली ठेवला की रेंज जाते. एवढं करून पेपरची पीडीएफ उघडते. टॅब लांबोडका, सिनेमाला बरा. उभा धरला की अक्षर मुंगीएवढं, आडवा धरला की निम्मी बातमी स्क्रीनबाहेर.

"बाबा, दोन बोटांनी मोठं करा ना," मी फोनवरून शिकवलं.

"बोटं आहेत रे, हात नाही."

कव्हरला मागे स्टँड असतो, तो लावून टॅब कठड्यावर ठेवा म्हटलं, तर उन्हात स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं. ते बघायला न्हाणीतला आरसा आहे म्हणाले.

तरी निराश होऊ नका. परवा फोन केला तेव्हा बाबा दुपारच्या एसटीने आलेला छापील पेपर वाचत होते. टॅब कुठाय विचारलं, तर आईने फोन घेतला. खळ्यात आमसुलं वाळत घातली होती, वर कावळ्यांसाठी जुनं पातळ पसरलं होतं, ते वाऱ्याने उडू नये म्हणून तीन कोपऱ्यांवर चिऱ्याचे तुकडे आणि चौथ्यावर टॅब.

"हाच बरा," आई म्हणाली. "चिऱ्याचा लाल डाग पडतो रे पातळाला. याचा नाही पडत."