'शहरी हौशां'बद्दल, एकदाच

भाऊ, घोड्यांना वाटेत पाणी पाजण्याच्या रीतीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. उत्तर मुद्दाम सकाळवर ढकललं. रात्रीच बसलो असतो तर शब्द वेगळे आले असते.

तुम्ही लिहिलंत: "सगळ्या घोड्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत कुणी हलायचं नाही, हा शहरी हौशांचा नियम आहे. गावची हाळ (पाण्याचा हौद) गुरांसाठी असते, ती तुम्ही अडवता. दहा घोड्यांची तोंडं एकाच पाण्यात घातली की रोग पसरतो, त्याबद्दल अवाक्षर नाही. आणि घोडा एका वेळी 40 लिटर पितो हे कुणी सांगितलं?"

40 लिटरची चूक माझी. मोठ्या घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर लागतं, उन्हात काम असेल तर आणखी. एका दमात नव्हे. लेखात दुरुस्त केलंय. झालं?

आता 'शहरी हौशे'. आजोबांनी सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आमची पहिली कुमेत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी आणली, तेव्हा दत्तजयंतीच्या त्या यात्रेला कुणी 'चेतक फेस्टिव्हल' म्हणत नव्हतं. आमच्याकडे आधी घोडीची बादली भरायची, मग चुलीवर चहा चढायचा. मी कुठल्या क्लबात लगाम धरायला शिकलो नाही हो.

तो नियम मी आजोबांच्या शिव्या खाऊन शिकलो. बारा वर्षांचा होतो. दोंडाईच्याकडून तापीच्या दिशेनं निघालेलो, वाटेत एका हाळीवर थांबलो. माझ्या घोडीचं पिऊन झालं, मी टाच मारली. शेजारच्या काकांचा घोडा अर्धी तहान टाकून, मान वर करून तिच्यामागे निघाला. काकांच्या हातून लगाम सुटला, तळहात सोलला. आजोबा ओरडले, "घोडं पानी पी ऱ्हायनं ना भो, तुले कसानी घाई शे?" (पुढचं इथे लिहिता येत नाही.)

घोडा कळपातला जीव. सोबती निघाला की त्याला तहानेपेक्षा मागे राहण्याची भीती मोठी. पुढे दहा किलोमीटर ऊन आणि पोटात अर्धंच पाणी, म्हणजे पोटदुखीला आमंत्रण. आजोबा कानांकडे बघायला सांगत. घोटागणिक कान हलतात. हलायचे थांबले की आणखी जरा दम धरायचा, कारण पुष्कळदा तो मान वर करून इकडेतिकडे बघतो आणि पुन्हा तोंड घालतो. हे शहरी वाटत असेल तर साक्रीकडच्या ठेलारींना विचारा. बिऱ्हाड घोड्यावर लादून मेंढरांमागे फिरणारी माणसं ती. तीही हौशी का?

गुरांचं म्हणाल तर गुरं आली की आम्ही बाजूला होतो. बहुतेक वेळा.

रोगाचा मुद्दा डॉक्टरांच्या अखत्यारीतला, माझा लेख रीतीवर होता. मी स्वतः खोगिराला बादली बांधूनच निघतो, तेव्हा मला ते शिकवू नका. लेखात ते नाही, कबूल. सगळंच एका लेखात मावत नाही.

टोपणनावाआडून 'हौशे' म्हणणं सोपं असतं. दत्तजयंतीला मी सारंगखेड्यात असेन, समोर या, चहा पाजतो. फक्त आमच्या घोडीच्या शेपटीला लाल चिंधी आहे, म्हणजे ती लाथ मारते, मागून येऊ नका.