टेनेसीच्या भुताचा दाखला देऊन शेजारणीला भानामतीवाली ठरवू नका

आत्याच्या गावात एका घराच्या पत्र्यावर रात्री दगड पडतायत. भानामतीच आहे असं अर्ध्या गावाने ठरवून टाकलंय, आणि संशय शेजारी एकट्या राहणाऱ्या बाईवर. त्यात आता घरोघरी हा मेसेज फिरतोय: 'अमेरिकेत टेनेसीमध्ये जॉन बेल या शेतकऱ्याला भुताने ठार मारलं. तिथल्या सरकारने तसा फलक लावलाय. राष्ट्राध्यक्ष जॅक्सन साक्षीदार होते, मुलाची डायरी आहे. मेलेल्या शेजारणीने सूड घेतला.' आत्याने तो मलाही पाठवला, खाली 'बघ, अमेरिकाही मानते' असं लिहून.

फलक आहे, मान्य. अ‍ॅडम्स गावी टेनेसीच्या इतिहास आयोगाने लावलाय. पण त्यावर 'दंतकथेनुसार' असं लिहिलंय, तेवढं मेसेजवाल्याने गाळलं. जॉन बेल खरा, त्याचं शेत खरं, डिसेंबर १८२० मध्ये तो वारला हेही खरं. बाकी बहुतेक सगळं येतं मार्टिन इंग्रॅम या पत्रकाराच्या १८९४ च्या पुस्तकातून, म्हणजे माणूस गेल्यावर ७४ वर्षांनी. 'डायरी'ही त्यातच. ती लिहिणारा बेलचा मुलगा रिचर्ड, प्रकार सुरू झाला तेव्हा सहा वर्षांचा, आणि त्याने लिहिलं म्हणे १८४६ साली. याला डायरी म्हणतात? मूळ हस्तलिखित कोणी दाखवू शकलेलं नाही. जो निकेल या अभ्यासकाने डायरीची आणि इंग्रॅमची भाषा ताडून पाहिली, तर तो मजकूर इंग्रॅमनेच रचला असावा असं त्यांचं मत झालं. जॅक्सन तेव्हा राष्ट्राध्यक्ष नव्हते, आणि त्यांच्या पत्रव्यवहारात या भुताचा उल्लेख नाही.

बरं, पुस्तकच खरं धरू. त्यात काय लिहिलंय? बेल बेशुद्ध पडलेला, कपाटात काळपट औषधाची अनोळखी बाटली. त्यातला थेंब मांजराला चाटवला, मांजर तडफडून मेलं. मग घरच्यांनी बाटली चुलीत टाकली. हे वाचून कोणालाही विषप्रयोगाची शंका येईल. घरात बाटली कोणी ठेवली हे विचारायचं सोडून भुताला कसलं धरता?

सगळ्यात संतापजनक आहे ती 'मेलेली शेजारीण'. केट बॅट्स तेव्हा चांगली जिवंत होती. आजारी नवऱ्याची शेती स्वतः सांभाळणारी, लोकांना फटकळ वाटणारी बाई. बेलच्या घरात ऐकू येणारा भुताचा आवाज म्हणे म्हणाला 'मी केटची चेटकीण', आणि तिचं नाव कायमचं चिकटलं. आज २०० वर्षांनीही लोक तिलाच भूत म्हणतात. आत्याच्या गावात नेमकं हेच चाललंय.

एखादी बाई करणी-भानामती करते असं सांगत फिरणं महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद, शिवाय दंड. ज्यांना दगडांचा छडा लावायचाय त्यांनी रात्री चार माणसं गच्चीवर बसवावीत, पोलिसांना कळवावं, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना बोलवावं. आत्या, तू तो मेसेज आधी ग्रुपवरून काढ आणि त्या बाईच्या घरी जाऊन ये.