शेवटची तारीख आदेशातच लिहा

मार्च २०२३मध्ये मध्य प्रदेशातल्या वकिलांनी काम बंद ठेवलं होतं. उच्च न्यायालयाची योजना अशी होती की प्रत्येक न्यायालयाने आपल्याकडची सर्वांत जुनी २५ प्रकरणं निवडायची आणि तीन महिन्यांत निकाली काढायची. वकिलांचं म्हणणं, या घाईत पक्षकाराचं ऐकलंच जाणार नाही. दुसरी बाजू विचारत होती, मग वर्षानुवर्षं नुसत्या पेश्या, म्हणजे सुनावणीच्या तारखा, पडतात त्याचं काय? इंदूरच्या मराठी घरांत हा वाद आजही निघतो. वाड्याची वाटणी, भाडेकरू, मृत्युपत्र, काही ना काही कोर्टात अडकलेलं असतंच.

इंग्लंडमध्ये बसून हे ऐकताना वाटतं की मुद्द्याचीच गोष्ट राहून जाते आहे. मुदत कडक हवी की सैल, यावर सगळे भांडतात. पण मुदत कोणत्या तारखेला संपते, हे आदेशात बहुधा लिहिलेलंच नसतं.

जवाबदाव्याचंच, म्हणजे प्रतिवादीने द्यायच्या लेखी उत्तराचंच, बघा. समन्स ३ जूनला मिळालं. मिळाल्याचा दिवस सोडून मोजायचं, म्हणजे ३० दिवस ३ जुलैला भरतात. न्यायालयाने कारणं नोंदवून वाढ दिली तर ९० दिवस १ सप्टेंबरला. पण पुढची पेशी पडते २२ जुलैची. मोबाईलवर तीच तारीख दिसते, आणि घरचे धरून चालतात की जवाब तेव्हा दिला तरी चालेल. पेशी आणि मुदत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कुठल्याही कागदावर दिसत नाही. साध्या दाव्यात हे निभावतं, कारण ९० दिवसांची मर्यादा न्यायालय अपवाद म्हणून ओलांडू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये सांगितलं आहे. व्यापारी दाव्यात मात्र १२० दिवस उलटले की जवाब देण्याचा हक्कच जातो. तिथे माफी नाही.

अपिलाची मोजणी याहून नाजूक. दिवाणी न्यायाधीशाने ३ मार्च २०२५ला निकाल देऊन हुकूमनामा (डिक्री) केला, असं धरू. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, म्हणजे २ एप्रिल. नकलेचा, म्हणजे निकालाच्या प्रमाणित प्रतीचा, अर्ज १० मार्चला दिला, मध्ये रंगपंचमी, नकल तयार झाली २० मार्चला. हे दोन्ही धरून ११ दिवस मुदतीतून वगळतात, म्हणून शेवटचा दिवस १३ एप्रिल. तो रविवार, १४ला आंबेडकर जयंतीची सुट्टी. अपील १५ एप्रिलला दाखल केलं तरी मुदतीत. पण नकल २०ला तयार असून २८ला उचलली, तर मधले आठ दिवस वगळले जात नाहीत, ते पक्षकाराच्या मुदतीतूनच जातात. अर्ज देण्याआधी हुकूमनामा तयार व्हायला कोर्टाला लागलेला वेळही वगळला जात नाही. म्हणून निकालाच्याच दिवशी नकलेचा अर्ज द्यावा. ‘आधी हुकूमनामा तर बनू दे’ म्हणत थांबण्यात मुदत जळते.

आणि महिना म्हणजे ३० दिवस नव्हेत. लवादाचा निवाडा रद्द करून घ्यायला तीन महिने असतात. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात ते मोजून दाखवले: निवाडा १२ नोव्हेंबर २००७ला मिळाला, तीन महिने १२ फेब्रुवारी २००८ला संपले. हे ९२ दिवस होतात. त्यापुढे सबळ कारण असेल तरच ३० दिवस मिळतात, आणि त्यानंतर काहीही नाही.

इंग्लंडच्या दिवाणी नियमांत, जे २६ एप्रिल १९९९पासून लागू आहेत, एक छोटा नियम आहे. न्यायालय एखाद्या कामाला मुदत देईल तेव्हा शक्य असेल तिथे कॅलेंडरमधली तारीख आणि वेळही लिहायची. ‘१४ दिवसांत’ नव्हे, ‘मंगळवार, १५ एप्रिल, दुपारी ४ वाजेपर्यंत’. मोजणी न्यायालयाने एकदा केली की वकील, पक्षकार, कारकून सगळ्यांपुढे एकच दिवस असतो. इंदूरला हे करायला नवा कायदाही नको. आदेशपत्रिकेत पुढची पेशी लिहितात, तिच्याच वर आणखी एक ओळ लिहायची. ‘चार आठवड्यांत’ लिहिलं की आदेशापासून मोजायचं की नकल मिळाल्यापासून, हा नवाच वाद उभा राहतो.

इथलं सगळंच उचलावं, असं मात्र मी म्हणणार नाही. इथे पहिल्या वर्गाच्या टपालाने पाठवलेला दाव्याचा अर्ज पोस्टात टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी मिळाला असं धरतात. प्रत्यक्ष हातात कधी पडला, हे मोजणीत येत नाही. तोच नियम जुन्या इंदुरात लावला तर? वाड्याच्या तळमजल्यावर दुकानं, वरच्या मजल्यावर एकटी आजी, आणि समन्स दुकानाच्या गल्ल्याखाली. तिथे तामील खरोखर झाली का, म्हणजे समन्स आजीच्या हाती पडलं का, हे विचारलंच पाहिजे.

कडकपणाचाही इथे अतिरेक झाला होता. २०१३मध्ये दाव्याच्या खर्चाचं अंदाजपत्रक उशिरा दिल्याबद्दल एका पक्षकाराचा पाच लाख पौंडांहून मोठा अंदाज फक्त कोर्ट फीवर आणला गेला. त्यानंतर किरकोळ उशिरावरून भांडणं इतकी वाढली की २०१४मध्ये अपील न्यायालयाला नवी कसोटी घालून द्यावी लागली: चूक किती गंभीर, ती का झाली, आणि एकूण परिस्थिती काय.

आपल्याकडे उशिराची माफी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७च्या एका निकालापासून न्यायालयं उदार मनाने देत आली, आणि सामान्य माणसासाठी ते योग्यच आहे. पण सरकारने त्याचा आधार घ्यावा, हे मला पटत नाही. २०२०मध्ये मध्य प्रदेश सरकारचं अपील ६६३ दिवस उशिरा सर्वोच्च न्यायालयात पोचलं. न्यायालयाने ते फेटाळून २५ हजार रुपये खर्च लावला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितलं. तारीख कागदावर असती तर कोणत्या टेबलावर फाईल किती दिवस पडून होती, हे शोधायला वेळ लागला नसता.

परदेशात राहणाऱ्यांनी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. प्रतिवादी भारताबाहेर असेल तेवढा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो. वादी बाहेर असेल तर त्याला ही सवलत नाही. म्हणजे इंदूरचा भाऊ लंडनच्या बहिणीवर उशिरा दावा लावू शकतो, बहिणीला मात्र भावावर मुदतीतच लावावा लागतो. आणि इथे सही करून पाठवलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत तिथला मुद्रांक लावून घ्यावा लागतो. पाकीट पोचल्याची तारीख त्याच दिवशी लिहून, पाकिटासकट जपून ठेवायला घरच्यांना सांगा.