‘थुंकीतून अख्खा डीएनए वाचतात’ हे खरं नाही

‘नळीत थुंकी भरून पाठवा, अख्खा डीएनए वाचून मिळतो. रिपोर्ट स्वच्छ आला की कॅन्सरची चिंता मिटली. मशीन चुकत नाही.’ हा मजकूर फॅमिली ग्रुपवर पुढे ढकलला जातोय. यातली तिन्ही वाक्यं चुकीची आहेत.

‘अख्खा डीएनए’: माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण डीएनएत, सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. बहुतेक स्वस्त किटमधली चिप त्यातल्या सहा-सात लाख ठरलेल्या जागाच बघते. चिपवर सूक्ष्म मणी असतात आणि मण्यावर ५० अक्षरांचे डीएनएचे धागे. आपल्या डीएनएचा जुळणारा तुकडा तिथे चिकटतो, पुढचं एकच अक्षर रंगीत खुणेसह जोडलं जातं आणि स्कॅनर लाल की हिरवं ते टिपतो. दोन्ही रंग उमटले, तर आईकडून एक अक्षर आलंय, वडिलांकडून दुसरं. ज्या जागेसाठी मणीच नाही, तिथला बदल दिसत नाही. भारतात इंडिजेन प्रकल्पात १,०२९ जणांचे जीनोम खरोखर पूर्ण वाचले, तेव्हा सापडलेल्या साडेपाच कोटींहून जास्त बदलांपैकी जवळपास एक तृतीयांश जगातल्या मोठ्या नोंदींत नव्हतेच.

‘चिंता मिटली’: मला सर्वांत घातक वाटतं ते हे. २०१८मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि चाचण्यांना परवानगी देणारी सरकारी संस्था) ट्वेंटीथ्री-अँड-मी या थुंकीचे किट विकणाऱ्या कंपनीला बीआरसीए (बिघडली तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारी जनुकं) चाचणी थेट ग्राहकांना द्यायची परवानगी दिली, ती फक्त तीन बदलांपुरती. तेही मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये आढळणारे. बीआरसीएमधले ज्ञात बदल हजाराच्या वर आहेत! आई आणि मावशी दोघींना स्तनाचा कॅन्सर झालाय, अशा बाईने असा ‘स्वच्छ’ रिपोर्ट बघून तपासणी टाळली तर?

‘मशीन चुकत नाही’: नेहमी आढळणाऱ्या बदलांत चिप भरवशाची असते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एका अक्षराचा बदल ती नीट पकडते, जागा चिपवर असली तर. दुर्मिळ बदलांत मात्र ती घसरते. ब्रिटनमधल्या जवळपास ५० हजार लोकांचे चिपचे निकाल सीक्वेन्सिंगशी, म्हणजे डीएनए अक्षर-अक्षर वाचण्याच्या पद्धतीशी, ताडून पाहिले गेले. २०२१मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, की लाखात एकापेक्षाही विरळ बदल चिपने ‘आहे’ म्हटले, त्यातले ८४ टक्के नव्हतेच. कारण साधं आहे: संगणक हजारो नमुन्यांच्या रंगांचे पुंजके करून अक्षर ठरवतो, आणि दुर्मिळ बदलाचा पुंजका एक-दोन ठिपक्यांचा असतो.

घरात कॅन्सरचा इतिहास असेल, तर जेनेटिक काउन्सेलरकडे (आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाकडे) जा आणि त्या जनुकांचं पूर्ण सीक्वेन्सिंग लागेल का ते विचारा. चिपवर ‘आहे’ आलं असेल, तरी सीक्वेन्सिंगने खात्री झाल्याशिवाय ऑपरेशनचा विचारही करू नका.