‘चार महिने ट्यूब लावून काय मिळालं?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही लिहिलंय की आईंना ओरल लायकेन प्लॅनस (तोंडाच्या आतल्या अस्तराचा आजार) असताना आम्ही ‘त्वचेची ट्यूब’ तोंडात लावायला दिली, गालाचा तुकडा उगाच तपासायला काढला आणि ट्यूब थांबवल्यावर जळजळ पुन्हा सुरू झाली. आईंची फाइल इथं उघडणं बरोबर नाही. आजाराबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण कोल्हापुरात आणि आजूबाजूच्या गावांत यापायी अनेकजण दवाखाने बदलत फिरतात.

हा जंतूंचा आजार नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच तोंडाच्या अस्तरावर उलटते. गालात पांढरी जाळी आणि मध्ये सोलल्यासारखी लाल जागा दिसते. त्यामुळे अँटिबायोटिक किंवा बी-कॉम्प्लेक्सनं तो हटत नाही. औषधानं तो आटोक्यात राहतो, मुळापासून जात नाही, आणि जो तसं वचन देईल त्याच्याकडं आईंना नेऊ नका, ही विनंती.

ट्यूबवर ‘फक्त त्वचेवर लावण्यासाठी’ असं छापलेलं असतं, म्हणून तुमची शंका रास्त आहे. पण क्लोबेटासॉल ०.०५ टक्के हे स्टिरॉइड मलम या आजारात जगभर तोंडात लावलं जातं. सगळं लावण्याच्या पद्धतीवर आहे. जेवणानंतर चूळ भरायची, स्वच्छ गॉजनं जागा कोरडी करायची, बोटानं पातळ थर द्यायचा आणि अर्धा तास पाणीसुद्धा नाही. ओल्या तोंडात लावून लगेच चहा घेतला तर औषध पोटात जातं, जखमेवर राहत नाही. स्टिरॉइडमुळं तोंडात बुरशी येऊ शकते, म्हणून मधूनमधून बोलावतो. यानं भागलं नाही तर टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेलं मलम आहे. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या आजार फार भडकल्यावरच आणि थोडे दिवस देतो. साखर, बीपी आणि हाडं यांचा विचार करावा लागतो. जळजळ थांबल्यावर औषध आपल्या मनानं एकदम बंद न करता हळूहळू कमी करायचं असतं.

तुकडा तपासायला काढतो (बायोप्सी), कारण नुसत्या डोळ्यांना असेच दिसणारे दुसरे चट्टेही असतात, आणि मिशरी-तंबाखूची सवय असेल तर अंदाजावर राहणं धोक्याचं. शंभरातल्या साधारण एका रुग्णात पुढं काही वर्षांनी इथं कॅन्सर होऊ शकतो. त्रास नसला तरी दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायला सांगतो ते यासाठीच.

तांबडा रस्सा आणि कांदा-लसूण चटणी बंद केल्याबद्दलही तुम्ही लिहिलंय. आपल्याकडं हे किती अवघड जातं ते मला कळतं, पण सोललेल्या जागेवर तिखट लागलं की जेवणच नको होतं. जखम भरली की थोडं थोडं सुरू करता येतं.

आईंना घेऊन या. येताना बीपी, शुगर, सांधेदुखी, ज्याच्या म्हणून गोळ्या चालू आहेत त्यांची पाकिटं आणा. काही गोळ्यांमुळंही असेच चट्टे येतात. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर बायोप्सीचा रिपोर्ट काउंटरवरून घेऊन जा.